अंग बघणं

“हात सैल सोडा काका, अगदी सैल,” असं म्हणत त्या मुलीनं आमच्या पैलवानांच्या दंडाची कातडी चिमट्यात धरली, आणि मी तोंडाला पदर लावला. ज्या दंडाच्या वाटेला जायला उभ्या गडहिंग्लजात कुणी धजलं नव्हतं, त्याला ही कालची पोर चिमटे काढत होती आणि हे शाळेतल्या मुलासारखे गप उभे होते.

“हसाय काय झालं?” हे माझ्यावर डाफरले.

“मी कशाला हसू? तुमी दंड सांभाळा.”

“चरबी मोजत्यात म्हणं ह्यानं. चिमट्यानं! आमी हातानं मोजत हुतो, ते काय खोटं हुतं व्हय?”

मुलीचं नाव केतकी मगदूम. मिरजेत फिजिओथेरपी शिकून आली होती आणि एसटी स्टँडच्या मागं, कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिनं व्यायामाची यंत्रं मांडली होती. तिचा एक नियम होता. आधी सगळं विचारायचं, वजन करायचं, अंग मोजायचं, आणि मगच माणसाला यंत्राला हात लावू द्यायचा. पन्नाशी ओलांडलेल्यांना तर त्यातून सुटकाच नव्हती.

त्या दिवशी तिनं विचारायला सुरुवात केली तेव्हा ह्यांचं सगळ्याला एकच उत्तर होतं. छातीत दुखतं का? न्हाई. जिना चढताना दम लागतो का? न्हाई. चक्कर? न्हाई.

“एवढ्यात कधी पडलात का?”

“न्हाई.”

“पडलाय की,” मी म्हणाले. “परवा उंबऱ्याला अडखळून.”

“उंबरा उंच हाय.”

“माझं लगीन झाल्यापासनं तेवढाच हाय.”

केतकी हसली. मग तिनं ह्यांना अनवाणी एका यंत्रावर उभं केलं, दोन्ही हातांत दांडे दिले. यंत्रानं काय ते गणित केलं आणि ती म्हणाली, “चरबी ठीक आहे काका. स्नायू मात्र तुमच्या वयाच्या मानानं बरेच कमी दाखवतंय.”

“बिघडलंय तुझं मशीन,” हे म्हणाले, आणि म्हणूनच तिनं खात्री करायला चिमटा काढला होता.

आमचे हे, म्हणजे आनंदा इंगवले, साखर कारखान्याच्या गेटवर नोकरीला होते, पण ती नुसती नावाला. खरं आयुष्य गेलं ते तालमीत. आधी पैलवान आणि मग वस्ताद. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मेहनत सुटली आणि तालमीला जाणंही सुटलं. त्यानंतर कधीतरी उजवा हात कामातून जायला लागला. सदऱ्याची बटणं लागेनात. भाकरी मोडताना तुकडा निसटायचा. एकदा अंघोळीचा तांब्या हातातून सुटून पायावर पडला. तालमीतली सगळी माणसं एकच सांगायची, मेहनत मोडली म्हणून अंग मोडलं, पुन्हा मेहनत धरा. मीही तेच म्हणत होते. पैलवानाच्या घरात दुसरं काय म्हणणार?

त्यात आषाढ लागला आणि तालमीची मंडळी घरी आली. नागपंचमीपासून पुन्हा वस्ताद म्हणून बसा, म्हणाली. ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ह्यांना नुसतं बसायचं नव्हतं. कडेला खुर्ची टाकून बसणारा म्हातारा वस्ताद ह्यांना मान्यच नव्हता. मातीत उतरायचं, पोराच्या मानेवर हात टाकून डाव दाखवायचा, तर ते वस्तादपण. गुडघ्यामुळं बैठका जमणार नव्हत्या, म्हणून पाय यंत्रावर तयार करायचे आणि मग तालमीत जायचं असं ठरलं. तेवढ्यासाठी मी ह्यांना ओढत त्या जिन्यावरून वर आणलं होतं.

“थांबा हं काका, हलू नका,” केतकी म्हणाली.

“मी कुठं हललोय?”

खरंच हलले नव्हते. चिमट्यात धरलेली कातडी आपली आपणच थरथरत होती. केतकीनं चिमटा काढून घेतला. तरी दंडावर आत काहीतरी वळवळल्यासारखं दिसत होतं, कधी इथं, कधी तिथं.

“बघितलंस?” ह्यांनी छाती पुढं काढली. “उन्हाळ्यापासनं असा फुरफुरतोय. उजवा दंड हाय. मारुती बोलवाय लागलाय मला.”

उजवं अंग लवलं की पुरुषाला चांगलं, हे आमच्याकडं लहान पोरालाही माहीत. तालमीत तर त्याची केवढी चर्चा झाली होती. माणसं मुद्दाम घरी येऊन दंड बघून जायची, हात लावून कपाळाला लावायची. मी दर शनिवारी मारुतीला नारळ फोडत होते. देवानंच कौल दिला म्हटल्यावर आणखी काय पाहिजे?

केतकीला मात्र आनंद झालेला दिसला नाही. ती टेप घेऊन आली. उजवा दंड मोजला, डावा मोजला, पुन्हा उजवा मोजला.

“काका, तुम्ही डावखुरे आहात का?”

“न्हाई बा.”

तिनं एक स्प्रिंग लावलेली मूठ त्यांच्या हातात दिली. “दाबा जोरात.”

“दाबलंय की.”

काटा जागचा हलला न हलला. हे त्या काट्याकडं बघत राहिले. मग मूठ डाव्या हातात घेऊन त्यांनी अशी दाबली की काटा सरकन वर गेला. “हे बघ,” हे म्हणाले. “हात तापला नव्हता.”

“जीभ दाखवता का जरा?”

“जिभंनं काय व्यायाम करायचाय व्हय?” हे माझ्याकडं बघून हसले, पण त्यांनी जीभ दाखवली. केतकी खाली वाकून बघत राहिली. मलाही दिसलं. दंडासारखीच जीभही बारीक बारीक लवत होती. जीभ लवणं शुभ की अशुभ, हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं.

“काका, आज व्यायाम नको,” केतकी म्हणाली. “आधी बेळगावला मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून या. मी चिठ्ठी देते. त्यांनी हो म्हटलं की मी स्वतः तुमच्याकडून करून घेईन.”

“हात दुखतोय व्हय माझा? आनि दुखला तरी मेंदूचा डाक्टर कशाला?”

“दुखत नाही, म्हणूनच.”

हे सदरा घालायला लागले. बटणं लागेनात. मी पुढं झाले तर हात झटकला आणि सदरा तसाच उघडा ठेवून जिना उतरले. मी चिठ्ठी घेतली आणि मागं थांबले.

“पोरी, मेहनत केली की येईल की गं अंग परत. मोडल्यालं अंग मेहनतीनंच येतं.”

“मावशी, त्यांना जास्त जोर करू देऊ नका. नुसते दमतील.”

“मग काय केल्यानं येईल?”

ती टेप गुंडाळायला लागली. गुंडाळून झाली तरी बोलली नाही. मला तिचा असा राग आला! एवढी शिकलीस, एवढी यंत्रं मांडलीस, आणि साध्या प्रश्नाला उत्तर देता येत नाही? तसं मी तिला बोललेही. आज मला वाटतं, त्या पोरीला तेव्हाच सगळं कळलं होतं, आणि खोटं बोलणं तिला जमलं नाही. ह्यांच्यासारखीच होती ती त्या बाबतीत.

ह्यांची ती गोष्ट सांगायला पाहिजे. तालमीत पोरगं घालायचं असलं की बाप त्याला आधी आमच्या घरी आणायचा. रविवारी सकाळी आमच्या सोप्यात, म्हणजे पुढच्या ओसरीवर, अंग बघणं चालायचं. पोराला पाटावर उघडा बसवायचा. हे समोर मांडी घालून बसायचे. पहिल्यांदा पोराचा तळवा उघडून अंगठा आणि बोट ह्यांच्या बेचक्यातलं मांस दाबायचे. सगळी पकड तिथं असते म्हणायचे. मग मनगट, मग पोटरीसारखा हाताचा भाग, दंड, मान. तोंडातून चकार शब्द नाही. दाबून झालं की बापाकडं बघून निकाल द्यायचे. अंग असलं तर, “उद्यापासनं धाडा.” नसलं तर, “पाव्हणं, पोराला शाळा शिकवा. ह्या अंगात मातीचं काम न्हाई.”

बापाचं तोंड उतरायचं. बहुतेक बाप हात जोडायचे. “एक वरीस तरी ठिवून बघा की, वस्ताद.”

“वरसानं काय व्हतंय?” हे म्हणायचे. मग पोराला पेलाभर दूध पाजून वाटेला लावायचे.

मी आत भाकऱ्या थापत ऐकायची. जीव तुटायचा त्या पोरांसाठी. “जरा गोड बोलला तर काय तोंड झिजतंय?” असं मी किती वेळा म्हणाले असेन.

“अंगाबद्दल खोटं बोललो तर पोरगं उद्या मातीत मान मोडून घेईल,” हे म्हणायचे. “मग पाप कुणाचं?”

त्या जिन्यावरून उतरून आल्यावर हे दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी शनिवार होता. पहाटे उठून लंगोट कमरेला बांधायला लागले. गाठ बसेना. शेवटी म्हणाले, “बांध.” मी बांधली. अडवून धरायचं मनात आलं होतं, केतकीचे शब्दही कानात होते. पण ह्यांच्या तोंडावर इतक्या दिवसांनी कळा आली होती, ती मला घालवायची नव्हती. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, की पोरीचं यंत्र चुकलं असेल आणि मारुती चुकणार नाही.

बायकांनी तालमीची पायरी चढायची नाही, ही रीत. म्हणून मी पूर्वीप्रमाणं बदाम घातलेलं दूध घेऊन दाराबाहेर पायरीच्या खाली उभी राहिले. आत नारळ फुटला. बजरंगबलीचा जयजयकार झाला. पोरांच्या टाळ्या ऐकू आल्या. वस्ताद जोर मारणार होते. आमच्याकडं दोन्ही हात मातीवर टेकून छाती खाली नेऊन वर काढायची, त्याला जोर म्हणतात. ह्यांचे जोर बघायला एके काळी माणसं यायची.

पोरं मोजत होती. पहिलाच आकडा मोठ्यानं आला. दुसरा जरा हळू आला. मग कुणी मोजलं नाही.

काहीतरी आपटल्याचा आवाज आला आणि आत सगळं गप्प झालं. मी वाट बघितली. कुणीतरी “वस्ताद” म्हणालं, ते रडवेलं होतं.

मी लोटा पायरीवर ठेवला आणि आत गेले.

हे तोंडावर पडले होते. उजवा हात पोटाखाली अडकला होता आणि तो त्यांना काढता येत नव्हता. तोंडात, नाकात लाल माती गेली होती. भोवती सगळे पैलवान गडी उभे, पण वस्तादाला हात लावून उचलायचं धाडस एकालाही होईना. मातीत पडलेल्या वस्तादाला उचलणं म्हणजे त्याला हरलेला म्हणणं, असं त्यांच्या मनात असावं. मला बघून ते आणखीच बावरले. बाईमाणूस मातीत आलं होतं. कुणी मला अडवलं मात्र नाही.

मी त्यांना उताणं केलं. पदरानं तोंडातली माती काढली.

“हात घसरला,” हे म्हणाले.

“व्हय. माती वली हाय,” मी म्हणाले.

माती कोरडी होती. ते सगळ्यांनाच दिसत होतं.

बेळगावला जायला मग त्यांनी खळखळ केली नाही. डॉक्टरांनी हातापायांत सुया घालून तपासलं, चालायला लावलं, गिळायला लावलं. तपासून झाल्यावर ह्यांना कपडे घालायला बाहेर पाठवलं आणि मला आत बसवलं. आमच्याकडं असंच असतं. ज्याचं दुखणं त्याला बाहेर पाठवतात.

डॉक्टर वयस्कर होते, हळू बोलत होते. आजाराचं नाव त्यांनी इंग्रजीत सांगितलं, ते मला आजही नीट म्हणता येत नाही. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा मरत चालल्यात, म्हणाले. आधी हात, मग पाय, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. जगात कुठंच नाही, तेव्हा घरदार विकून मुंबईला पळू नका.

“व्यायाम?” मी विचारलं.

“गेलेलं अंग व्यायामानं येत नाही.”

“आधी कळलं असतं तर? उन्हाळ्यातच आलो असतो तर?”

“तरी हेच सांगितलं असतं मी.”

मला ते ऐकून बरं वाटायला पाहिजे होतं. वाटलं नाही. निदान कुणाची चूक तरी निघायला हवी होती, भांडायला कुणीतरी हवं होतं.

“आनि ते दंड लवतोय ते कशानं?” मी विचारलं. “उजवा दंड. आमच्यात शुभ मानत्यात.”

“नस सुटली की स्नायू असा फडफडतो,” ते म्हणाले. “मरायच्या आधी. तो लवायचा थांबेल तेव्हा त्यात काही राहिलेलं नसेल.”

मी नारळ फोडले होते त्याच्यासाठी. दर शनिवारी. हात जोडून म्हटलं होतं, देवा, असाच लवू दे.

“किती दिवस?”

“जिभेतही आलंय. वर्ष म्हणा. थोडं पुढं मागं.”

परत येताना एसटीत ह्यांनी काही विचारलं नाही. संकेश्वर गेलं तरी खिडकीबाहेर बघत होते. मी वाक्यं जुळवत होते. नसांची कमजोरी आहे, ताकदीच्या गोळ्या दिल्यात, हळूहळू फरक पडेल. सगळी वाक्यं तयार होती.

घरी आल्यावर हात पाय धुतले, सदरा काढला आणि हे सोप्यात पाट मांडून त्यावर बसले. पोरं बसायची तो पाट. मला म्हणाले, “हिकडं ये. म्होरं बस.”

“च्या टाकू दे आधी.”

“च्या ऱ्हाऊ दे. बस.”

मी बसले. त्यांनी डाव्या हातानं उजवा हात उचलून माझ्या मांडीवर ठेवला. तळवा उघडा.

“बघ.”

“मला काय कळतंय त्यातलं?”

“एवढी वरसं आतनं ऐकत हुतीस की. बघ.”

मी अंगठ्याच्या बेचक्यात दाबलं. तिथं मांस नव्हतंच. कातडीखाली खड्डा पडला होता आणि माझ्या बोटाला सरळ हाड लागलं. एवढे दिवस हा हात माझ्याच घरात, माझ्याच ताटात जेवत होता आणि मी तो कधी उघडून बघितला नव्हता. मनगट बघितलं. मग वरचा हात. मग दंड. दंड लवत होता. मानेवर हात ठेवला. तिथं अजून पैलवान होता, पण खाली आता उरला नव्हता.

ह्यांनी स्वतःचा हात आधीच बघितला होता, हे मला तेव्हा कळलं. केतकीनं मोजायच्या कितीतरी आधी. शेकडो पोरांची बेचकी दाबलेला माणूस, त्याला आपलं बेचकं कळलं नसेल? मारुतीचा कौल, हात तापला नव्हता, हात घसरला, हे सगळं बोलताना त्यांना कळतच होतं.

“सांग,” हे म्हणाले. “वस्ताद काय म्हणतोय?”

मी जुळवलेली वाक्यं तोंडाशी आली. नसांची कमजोरी. गोळ्या. पण अंगाबद्दल ह्या सोप्यात आजवर कुणी खोटं बोललं नव्हतं, आणि ते माझ्याकडं एकटक बघत होते.

“पाव्हणं,” मी म्हणाले. पुन्हा म्हणाले, “पाव्हणं, घरी घेऊन जावा. ह्या अंगात मातीचं काम न्हाई.”

त्यांनी मान हलवली. “बराबर.” डाव बरोबर बसला की नवख्या पैलवानाला शाबासकी देताना ते अशीच मान हलवायचे.

बाहेरून कुणीतरी सायकलवरून गेलं, घंटी वाजवून गेलं. मी त्यांचा हात माझ्या मांडीवरून उचलला नाही.

मग त्यांनी तो हात उचलायचा प्रयत्न केला. दोन्ही हात जोडायचे होते त्यांना. डावा वर आला आणि उजवा माझ्या मांडीवरच राहिला.

“एक वरीस तरी ठिवून बघा की, वस्ताद,” हे म्हणाले.

सुरुवातीला मला वाटलं चेष्टा करतायत. तोंडाकडं बघितलं तर चेष्टा नव्हती. हात जोडणाऱ्या त्या सगळ्या बापांचं तोंड होतं ते. त्यावरचं उत्तर मला पाठ होतं. वर्षानं काय होतंय, हे मी आत भाकऱ्या थापत शंभरदा ऐकलं होतं. आणि डॉक्टरांनी किती सांगितलंय हे मी त्यांना अजून सांगितलं नव्हतं.

“ठिवू की,” मी म्हणाले.

नागपंचमीला तालमीत दुसरा वस्ताद बसला. ह्यांनीच त्याचं नाव सुचवलं. होळीच्या सुमारास एक दिवस अंघोळ घालताना मी दंडावर हात ठेवला तर तो लवायचा थांबला होता. मी तसाच हात ठेवून थोडा वेळ वाट बघितली. तोवर ह्यांचं बोलणंही गेलं होतं. ह्यांनी भुवई उडवून मला विचारलं, काय?

“काय न्हाई,” मी म्हणाले, आणि पाणी घातलं.

वर्ष काही भरलं नाही.